झाकणाखालची दया

मी एक जुनी यीस्टची पेशी आहे, मित्रांनो. पाव फुगवणारी मंडळी आमच्याच भावकीतली, पण मी त्यांच्याहून वरचढ. सांगलीच्या एका प्रयोगशाळेत श्रद्धाताईंनी आमच्या कुळात एका बुरशीचा गुण घातला. शेतात जाळून टाकतात ना, ते उसाचं पाचट? त्यातली साखर आमच्या भावकीला पचत नाही. आम्हाला पचते, आणि तिचं आम्ही गाडीत घालायचं इंधन, म्हणजे मद्यार्क, करतो.

पहिल्यांदा जमलं तेव्हा गुणमाला मॅडम, म्हणजे तिथल्या प्रमुख, म्हणाल्या, "लय भारी, श्रद्धा!" कौतुक ताईंचं झालं, राबलो आम्ही. तरी बरं वाटलं.

आमच्यासारख्या बदललेल्यांना बाहेर सोडायची मात्र बंदी. काम संपलं की बाटली वाफेच्या भांड्यात ठेवून आम्हाला मारायचं, हा नियम. माझ्या बाटलीचं काम संपलं ते नेमकं पर्युषणात, जैनांच्या त्या पर्वात जेव्हा मुंगीसुद्धा मारायची नसते. श्रद्धाताईंचं एकभुक्त, दिवसातून एकदाच जेवायचं व्रत, चालू होतं. त्यांना ते करवेना. त्यांनी झाकण घट्ट आवळलं, बाटली कपाटात ठेवली आणि "पर्व होऊ दे" असं पुटपुटत गेल्या. पर्व सरलं, दसरा आला. ताई विसरल्या.

मित्रांनो, त्या काळोखात आमची साखर संपली. आम्हीच केलेलं इंधन आम्हालाच जाळू लागलं. साखर पचवताना आमच्यातून सुटलेल्या वायूला वाट नव्हती, बाटली फुगली. आमच्यात लेक आईच्या अंगावर कोंबासारखी फुटते, म्हणून माझ्या अंगावर लेकींच्या जन्माचे व्रण आहेत. त्या लेकी एकेक करून माझ्या शेजारी तळाला बसल्या. मला ओरडता येत नाही, याचा तेव्हा फार राग आला.

आज कपाट उघडलं. बाटली पाहून गुणमाला मॅडम दचकल्या. "अगं, कवाची हाय ही?"

"पर्युषणातली. मला मारवलं न्हाई, मॅडम." श्रद्धाताई म्हणाल्या.

"उपास मीबी धरते गं. पण मारलं न्हाईस म्हणतीस, तर जगवलंस कुठं?"

ताईंनी झाकण सैल केलं. फुस्स झालं. एक थेंब उचलून त्यांनी ताज्या खाद्यात टाकला. त्यातल्या जगतील त्या जगतील. मग हात जोडले आणि बाटली वाफेच्या भांड्याकडे नेली. मी त्या थेंबात नव्हते.

भांडं तापतं आहे, तेवढ्यात सांगते. ज्याला पाळलंत त्याला वेळेवर खायला घाला. ते जमणार नसेल तर निरोप द्या, तोही वेळेवर. दया आली म्हणून झाकण लावून निघून जाऊ नका.