टेबलाखालची प्रार्थना

बॉबिनमधला दोरा संपून मशीन थांबलं आणि कापडं बेतायच्या टेबलाखालून टेलरबाईंना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

“हे प्रभू, दयाळू बापा, ह्या पोरीला सद्बुद्धी दे. किती सांगितलं तरी हिच्या डोक्यात शिरत नाही. चारचौघांत मला मान खाली घालायला लावते.”

आवाज सात वर्षांच्या लेकीचा होता, पण चढउतार अगदी बाईंचेच. ‘प्रभू’ नंतरचा उसासासुद्धा गाळलेला नव्हता. बाईंना आधी हसूच आलं. त्या हळूच वाकल्या. लेकीने चिंध्यांची बाहुली मांडीवर घेतली होती आणि तिच्या डोळ्यांवर तळहात गच्च दाबून धरला होता. मग बाहुली बारीक आवाजात बोलली.

“आई, देवाला माझं एखादं चांगलं सांग ना.”

“प्रार्थनेत मधे बोलायचं नाही,” लेक तिच्यावर खेकसली.

बाईंच्या हातातली बॉबिन गळून पडली. त्या होत्या तिथेच स्टुलावर बसल्या.

चर्चच्या मंडळीत बाईंच्या प्रार्थनेला केवढा मान! कुणाचं तान्हं दूध पीत नाही, कुणाचा संसार डुगडुगतोय, की निघाली ती बाई टेलरबाईंकडे. येत्या रविवारी तर पाळकबाईंनी तरुण आयांपुढे त्यांनाच बोलायला सांगितलं होतं, मुलांना प्रार्थनेची गोडी कशी लावावी यावर. घ्या आता!

घरचा शिरस्ता असा, की जेवणाआधी तिघांनी हात धरायचे आणि बाईंनी प्रार्थना करायची. दिवसभराचं गाऱ्हाणं त्यातच निघे. नळ गळतोय हे नवऱ्याला तोंडावर सांगितलं तर कटकट व्हायची. तेच देवाच्या कानावर घातलं, की नवरा ‘आमेन’ म्हणून मुकाट पाना शोधायला उठायचा. मग लेकीचा आळस, लेकीचा हट्ट, तिने फोडलेली बरणी, सगळं तिथेच जाऊ लागलं. आपण पोरीला ओरडत नाही, देवावर सोपवतो, याचं बाईंना केवढं कौतुक होतं. आणि देवापुढे पोरीची रोज उणीदुणीच काढत होतो, हे कधी मनातही आलं नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला तशी बाईंनी त्याला मोरीतच गाठलं आणि सगळं सांगितलं. तो ग्रीसचे हात धुतच राहिला. मुलखाचा अबोल माणूस.

“मीही डोळे मिटले की वाट बघत बसतो,” तो अखेर म्हणाला, “आज काय निघतंय म्हणून.”

“मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?”

“प्रार्थनेत मधे कसं बोलायचं?”

बाईंना चपराक बसल्यासारखं झालं. बाहुलीला मिळालेलं उत्तर नवऱ्याच्याही तोंडी होतं, आणि तो ते कुत्सितपणे म्हणत नव्हता.

जेवायला बसल्यावर तिघांनी हात धरले. “हे प्रभू,” बाईंनी सुरुवात केली. ज्या जिभेला कधी शब्द शोधावा लागला नाही, ती टाळूला चिकटली. लेकीचं चांगलं काय सांगावं? काही नव्हतं असं नाही, ढीगभर होतं. पण इतक्या दिवसांचं राहिलेलं एकदम दाराशी गर्दी करायला लागलं, आणि त्यातलं पहिलं कुठलं घ्यावं ते कळेना. आपण हे कुणालाच कसं सांगितलं नाही? साधं देवालाही?

“आज हिने जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचल्या,” त्या कशाबशा म्हणाल्या. “बाबांच्या पायाला लागतील म्हणून. मी सांगितलं नव्हतं. ही लेक आम्हांला दिलीस, तुझे उपकार मानते. येशूच्या नावाने, आमेन.”

“आमेन,” नवरा म्हणाला.

बाईंनी डोळे उघडले. भात निवत चालला होता. लेकीने मात्र डोळे अजून घट्ट मिटलेलेच होते आणि खांदे कानांपर्यंत वर ओढून घेतले होते. तिने आईचा हात सोडला नव्हता. ती उरलेल्या प्रार्थनेची वाट बघत होती.