ती आपली की त्यांची

"आपलीच आहे ती! जन्म कुठे झाला हे कोण बघतं?" आमचे हे फोनवर खेकसले आणि टेबलावरचा ग्लास हिंदकळला. मी फडकं आणून पाणी पुसलं. सासूबाई समोर बसून सूपमध्ये पाव बुडवत होत्या. त्यांना या गोंधळाची सवय झाली आहे.

ती म्हणजे गायिका, ह्यांची लाडकी. हे लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या खड्ड्यात उतरून ग्रीस माखून घेतात आणि घरी आले की हात धुवायच्या आधी फोन उघडतात. तिच्या चाहत्यांच्या ग्रुपचे हे अ‍ॅडमिन आहेत. घरात महिनोन्‌महिने नळ गळतोय, त्याला मात्र अ‍ॅडमिन मिळत नाही.

भांडण असं होतं. गायिकेचा बाप सरहद्दीपलीकडचा, आई इकडची. जन्म तिकडे, शाळा इकडे. तिला बक्षीस मिळालं की दोन्हीकडचे लोक 'आमची, आमची' म्हणत छाती फुगवायचे. मग परवा कुणीतरी तिचा एक जुना व्हिडिओ उकरून काढला. त्यात ती स्टेजवर तोंडाला काळं फासून पलीकडच्या मोलकरणीची नक्कल करते. पलीकडचे लोक वाक्याचं शेपूट वर उचलतात, साधं काही सांगितलं तरी विचारल्यासारखं वाटतं. ती हुबेहूब तशी बोलते आणि समोरचे पोट धरधरून हसतात. झालं, लोक तिला वर्णद्वेषी म्हणू लागले. इकडचे म्हणाले, ती मुळात तिकडचीच. तिकडचे म्हणाले, छे, ती तर तुमची. बक्षिसाच्या वेळचे सगळे मामा-मावश्या रातोरात पसार झाले.

हे मात्र ठाण मांडून बसले. सकाळी कामावर जाताना एका पायात बूट घालून कुणालातरी उत्तर लिहीत होते.

खरं सांगते, मी तिच्यावर जळते. माझ्या चष्म्याच्या दुकानात काचा घासताना रेडिओवर तिचं गाणं लागलं तरी माझा हात जड होतो. कारण मीही पलीकडची. लग्न करून इकडे आले तेव्हा सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "ही तिकडची हं, म्हणून रंग असा." लग्नाच्या फोटोत मला दिव्याखाली उभं केलं होतं, जरा उजळ दिसावी म्हणून. वन्सं तर माहेरी आल्या की माझी नक्कल करायच्या. मान डुलवून, शेपूट वर उचलून. सगळं घर हसायचं आणि त्यात ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. एकदा मी रडले तर म्हणाले, "अगं, चेष्टा आहे ती. इतकं काय मनाला लावून घेतेस?" पुढे मी माझं बोलणंच बदललं. वाक्यं खाली आपटायला शिकले. आणि आज हाच माणूस एका परक्या बाईसाठी अख्ख्या जगाशी भांडत होता. माझ्यासाठी दोन देश राहू द्या, हे एकटे तरी कधी भांडले होते का?

"अगं, इकडे ये," हे म्हणाले. आवाजात एकदम साखर. "तू तिकडचीच ना?"

"अजून आठवतंय का तुम्हाला?"

"टोमणे नकोत. ग्रुपवर एकजण म्हणतोय, तिकडच्याच माणसाला विचारा, हे मनाला लागतं की नाही ते. तू बोल ना दोन शब्द. म्हणावं, मी तिकडची, मला त्यात काही वाईट वाटलं नाही. बिचारीची बदनामी तरी थांबेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं माझं तिकडचं असणं घरात लपवायची गोष्ट होती. आता त्याला भाव आला, तो तिच्यासाठी. सवतीला नटवायला माझेच दागिने मागत होते.

"बोलते," मी म्हणाले.

"व्हॉइस मेसेजचं बटण मी धरतो. सोडलं की मेसेज जातो, बाजूला सरकवलं की पुसला जातो. तू नुसती बोल." ह्यांनी अंगठा दाबला.

"मी तिकडची आहे," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी वाक्याचं शेपूट आपोआप वर गेलं. "तुमच्या अ‍ॅडमिनची बायको. तुम्ही विचारता लागतं का? लागतं. आमच्या घरातही माझी अशीच नक्कल व्हायची. पाहुण्यांसमोर. मी आत जाऊन नळ सोडून रडायची, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. आणि माझा नवरा..."

ह्यांचा अंगठा अजून बटणावरच होता. सोडावा तर शंभर घरांत जाणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सोडा, एकदाच सोडा, असं मी मनात म्हणत होते.

त्यांनी अंगठा बाजूला सरकवला.

"काय हे? घरातलं चव्हाट्यावर मांडतेस?" एवढंच बोलून ते टाइप करायला लागले. लिहिताना मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय आहे. "माझी बायको... तिकडचीच आहे. ती म्हणते... यात लागण्यासारखं काही नाही. गायिका आपलीच आहे."

मेसेज गेला. सासूबाईंचा चमचा थांबला होता.

"तेव्हा लागायचं का गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत फोनवरची नजर न काढता हे म्हणाले, "नाही गं आई. तिला काही वाटत नाही."

"लागायचं, आई," मी म्हणाले. "अजून लागतं."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. फोन टिंगटिंग वाजत होता.

"बघ, बघ," हे खुशीत म्हणाले. "लोक काय लिहितायत! 'वहिनी, केवढं मोठं मन तुमचं.' टाळ्यांवर टाळ्या येतायत तुला."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. ह्यांनी अजून मान वर केली नव्हती.