आधी शिदोरी, मग मीठ

मिक्सर साडेपाच किलोचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही विचारालच, की असं काय जड होतं बाई तुझ्या बॅगेत? तर मिक्सर होता. लाल रंगाचा, तीन भांड्यांचा, लग्नात आलेला.

माझा नवरा संघर्ष सव्वा वर्षापूर्वी अमेरिकेत फिनिक्स नावाच्या शहरात नोकरीला गेला. तिथं कॉम्प्युटरच्या चिप बनवायचे मोठे कारखाने उभे राहतायत. शहर भर वाळवंटात आहे, आणि वाढतंय असं, की संघर्ष फोनवर खिडकीतून दाखवायचा, मागच्या महिन्यात नुसती रेती होती तिथं आज घरांची रांग. माझा व्हिसा झाला आणि जानेवारीत निघायचं ठरलं. निघायचं म्हणजे बोरी अरबहून, आईबाबांच्या घरून.

बोरीत ही अमेरिका कोणाला पटेना. शेजारच्या बसंतीबाई हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस डिग्री उन्हासाठी इमानात बसून जाते काय वं? ते तर आपल्या यवतमाळात घरबसल्या भेटते."

मी हसले. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला सगळ्या गावाचंच हसू येत होतं. पासपोर्टावर शिक्का बसला की माणसाची मान आपोआप थोडी वर होते, तशी माझी झाली होती.

आमच्याकडं दूर जाणाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोणी येत नाही. त्यामुळं शेवटच्या आठवड्यात पुडे यायला लागले. जवसाची चटणी, मुगवड्या, काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवयांसारखे सरगुंडे, सांडग्या मिरच्या. बाबा, म्हणजे धर्मपाल मास्तर, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हातातला पेन सुटलेला नाही. ते प्रत्येक पुड्यावर चिठ्ठी चिकटवायचे. 'बसंतीबाई, सरगुंडे.' 'रामधनची आई, मुगवड्या.' म्हणायचे, "तिथं ज्याचं खाशील त्याले फोटो धाडजो. त्याईले बरं वाटते."

"बाबा, मी शिकायला नाही चालले, की फोटो धाडू न् हजेरी लावू," मी म्हणायची. बाबा हसून पुढची चिठ्ठी लिहायचे.

निघायच्या दिवशी सकाळी हंसामावशी आली. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. माझी आई मथुराबाई गावातल्या अंगणवाडीची सेविका आणि हंसाबाई तिथली मदतनीस. ती गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर राहते. बावीस वर्षं दोघी एका चुलीपाशी आहेत. मी अंगणवाडीत होते तेव्हा आई दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करत असायची आणि मला खिचडी भरवायची ती हंसामावशी. मला 'वैशे' म्हणणारी जगात ती एकटीच. आईसुद्धा वैष्णवी म्हणते.

मावशीनं लुगड्याच्या फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा पुढं केला. आत चुरमा होता. गव्हाच्या रोट्या कुसकरून, तूप-गूळ घालून केलेला. फडकं सोडवताना तूप बोटांना लागलं.

"हे वाळवंटात खराब होत नाही, वैशे," ती म्हणाली. "बसंतीले काय मालूम वाळवंट? आमचे जुने लोक तिकडूनच आले. बैलावर मीठ लादून महिना-महिना चालत. माही याडी, म्हंजे माय, सांगे, बैलाच्या पाठीवर आधी शिदोरी चढे, मग मीठ. मीठ राह्यलं तं राह्यलं, शिदोरी नाही राहू देत."

आणि मग हळूच म्हणाली, "गावभर लोकं म्हणते का अमेरिकेत बर्फ हाय. तू वाळवंटात चालली, म्हून मले बरं वाटलं. आमच्या वळखीच्या जागी चालली."

मी डबा घेतला आणि तिला गळामिठी मारली. ती मिठीही खरीच होती. नंतर जे केलं तेही मीच केलं.

तो पोलिओ डोसाचा रविवार होता. आई आणि मावशी दोघींना बूथवर बसायचं होतं आणि बाबांना गाडी लागते, यवतमाळपर्यंत जायचं तर दोनदा थांबावं लागतं. म्हणून नागपूरपर्यंत मी एकटीच निघाले, लखनच्या जीपमधून. लखन म्हणजे हंसामावशीचा मोठा मुलगा. सगळी गल्ली दारात उभी राहिली. आईनं ऐन वेळी आलेले पुडे, मावशीचा डबा, सगळं एका पिशवीत घालून पिशवीच बॅगेत कोंबली. बॅगेवर बसंतीबाईंना बसवलं तेव्हा चेन लागली.

बाजाराच्या तोंडाशी भगवानरावांची अडत आहे. सोयाबीनची पोती मोजायचा काटा. मी लखनला म्हटलं, थांब, एकदा वजन पाहू. विमानात एका बॅगेला तेवीस किलो चालतं. पहिली बॅग बरोबर तेवीस भरली. दुसरी ठेवली आणि काट्यावर साडेअठ्ठावीस आलं.

"साडेपाच किलो उतरव, पोरी," भगवानराव म्हणाले. "सोयाबीन असतं तं ओलं म्हणून वजन कापलं असतं."

मी तिथंच खाली बसून बॅग उघडली. एका बाजूला मिक्सर, एका बाजूला पिशवी. मिक्सर साडेपाच, पिशवी सहा. दोन्हींपैकी काहीही काढलं असतं तरी चाललं असतं. विचार करायला मला तेवढासुद्धा वेळ लागला नाही, जेवढा हे सांगायला लागतोय. संघर्षनं सांगितलं होतं, तिकडं इडलीचं पीठ दळायला काही नाही. आणि पुडे काय, पुडेच.

पिशवी काढून लखनच्या हातात दिली. तो म्हणाला, "घरी नेऊन देऊ का, ताई?"

"नको," मी म्हटलं. दारात अजून सगळे उभे असतील, हे मला दिसत होतं. "घरी नको नेऊस. वाटेत कुठं टाकून दे. नाहीतर गाईला घाल."

 लखननं पिशवी आपल्या सीटखाली ठेवली. मी नागपूरपर्यंत मोबाईलवर गाणी ऐकत गेले.

नागपूरला कळलं, दिल्लीत धुकं आहे, विमान नाही. आधी दोन तास म्हणाले, मग चार, मग नाहीच. दिल्लीचं चुकलं म्हणजे पुढचंही चुकलं. लखन तोवर परत निघून गेला होता. संघर्षला फोन लावला, तो बिचारा तिकडं झोपेतून उठून नवीन तिकीट शोधत बसला. दहा दिवसांनंतरचं मिळालं. बोलता बोलता मी म्हटलं, निदान मिक्सर तरी सुखरूप आहे.

"मिक्सर?" तो म्हणाला. "अगं, तो इथं चालत नाही. इथली वीज निम्म्या दाबाची आहे. मी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

ती रात्र मैत्रिणीकडं काढून दुसऱ्या दिवशी एसटीनं बोरीला आले. बॅगा ओढत गल्लीत शिरले तर बसंतीबाईंच्या अंगणात खाटेवर सरगुंडे वाळत घातले होते. त्यांच्या बाजूला, दगडाखाली दाबून, बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी.

बसंतीबाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता तोंड सोडतील. सोडलं असतं तर बरं झालं असतं, त्यांच्याशी भांडायची मला सवय आहे. पण त्या म्हणाल्या, "आली काय माय? चाय घेशीन?" आणि सरगुंड्यांवर ओढणी टाकली. मला दिसू नयेत म्हणून.

लखननं घरोघरी पुडे परत नेऊन दिले होते. 'वजनात बसलं नाही,' एवढंच सांगून. चिठ्ठ्या असल्यामुळं चुकायचा प्रश्नच नव्हता. आईच्या कानावर मात्र खरं आलं होतं. आईनं मला जेवायला वाढलं आणि शेजारी बसली. म्हणाली, "मले फोन करायचा होता. मीच येऊन घेऊन गेली असती. टाकून दे काहून म्हणलं?"

 बाबा कॉटवरून, पेपराआडून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा." एरवी मी उलट काहीतरी बोलले असते.

मला लाज वाटली. ती आधी कानात वाटली, कान तापले. मग रोज वाटायला लागली. नळावर, दुकानात, कोणी 'कवा जाते आता?' विचारलं की. एकानंही टोमणा मारला नाही. आमच्या गावाला टोमण्याची चांगली सवय आहे, पण त्या दहा दिवसांत जणू सगळ्यांनी ठरवून तोंडाला कुलूप लावलं होतं.

हंसामावशीला टाळणं तर शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईचा डबा द्यायला मी अंगणवाडीत गेले. ती पोरांना ओळीनं बसवत होती. मला बघून उठली आणि पदर सारखा केला.

"या ताई," ती म्हणाली. "बसा. मॅडम आत हायेत."

ताई. बसा. मी जिच्या मांडीवर खिचडी सांडून मोठी झाले, तिनं मला खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. डबा ठेवला आणि निघाले. रस्त्यावर आल्यावर रडू आलं. राग लखनचा आला, धुक्याचा आला, मिक्सरचा आला. स्वतःचा यायला घरापर्यंतची वाट लागली.

मग एकच गोष्ट डोक्यात बसली. चुरम्याचा डबा परत मागायचा. तोंड काळं करून का होईना, मागायचा, आणि तो घेऊनच जायचं. तेवढं झालं तर मी परत वैशे होईन, असं मला वाटत होतं. दोनदा तांड्याच्या वाटेला लागले. एकदा हापशीपासून परतले, एकदा सेवालाल महाराजांच्या मंदिरापासून. काय म्हणणार होते? मावशी, तुझा डबा मिक्सरपेक्षा हलका होता, पण मला जड झाला?

मिक्सर मी बॅगेतून काढून माळ्यावर टाकला होता. बॅगेत जागा तयार होती. लखननं घरी आणून टाकलेली पिशवीही धुऊन, घडी करून ठेवली होती. निघायच्या दिवशी सगळे येतीलच, तेव्हा सगळ्यांसमोर मागू, असं ठरवलं. आणि मनातून खात्री होती, की मागायची वेळच येणार नाही. आमच्याकडं रिकाम्या हातानं कोणी येत नाही.

बुधवार. सकाळी सात वाजता गल्ली जमली. बसंतीबाई, रामधनची आई, सगळे. मी पिशवी हातात घेऊन दारात उभी होते. एकेक जण पुढं आला. कोणी डोक्यावरून हात फिरवला, कोणी कडकडा बोटं मोडली. आणि एकाच्याही हातात काही नव्हतं. रामधनची आई तर ओशाळून म्हणाली, "काही नाही आणलं वं माय. मागच्या खेपेस आमच्यानं तुले तरास झाला. आमाले काय समजते इमानाचं."

ती माझी माफी मागत होती.

हंसामावशी सगळ्यात शेवटी उभी होती. मी सगळ्यांना ओलांडून तिच्याकडं गेले. आई बघत होती, लखन जीपपाशी उभा होता. मी पिशवी पुढं केली.

"मावशी, माझा चुरमा दे. चुकलं माझं. वजनाचं कारण नव्हतं. मिक्सर काढता आला असता, मी तुझा डबा काढला. दे मला, मी मांडीवर घेऊन जाते."

 तिचे डोळे भरले, पण आवाज भरला नाही.

"नाही व, ताई. तो नाही आता," ती म्हणाली. "पोट्ट्याले म्या शपथ घातली, काय म्हणे ताई ते खरं सांग. तो म्हणे, गाईले घाल म्हणे. मंग म्या घातलं. तुमी पयल्यांदा काही सांगतलं होतं, कसं मोडू? गाईनं पोटभर खाल्लं. डबा चाटून पुसून साफ केला."

मी वाकले आणि तिचे पाय धरले. तिनं मला लगेच उठवलं.

"राग नाही माह्या मनात. देवाशपथ नाही. दुसरा कराले बसलीच होती म्या काल. पीठ घेतलं, पन हात उठला नाही. पाहा." तिनं दोन्ही हात उघडून माझ्यासमोर धरले, पोर मोठ्यांना हात धुतले म्हणून दाखवतं तसे. "आता काही जड नाही होणार तुमाले. जा. उशीर होते."

जीप निघाली. लखननं न विचारता अडतीपाशी गाडी थांबवली, मागच्या वेळी थांबलो होतो म्हणून. भगवानरावांनी ती दुसरी बॅग काट्यावर ठेवली आणि खूश झाले. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"सतरा! पोरी, सहा किलो बसते अजून. काही राह्यलं असंन घरी तं आण, थांबतो आमी."

मी म्हटलं, काही राहिलं नाही.

लखननं एका हातानं बॅग उचलून जीपमध्ये टाकली. "हलकी झाली, ताई," तो म्हणाला.