रेघेबाहेरचा चुंबक

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डबीतली होकायंत्राची सुई चुंबकासमोर ढिम्म राहिली आणि कारखान्यातल्या चाळीस शहाण्यांनी टाळ्या पिटल्या.

टाळ्यांचा धनी होता बर्फमहाराज. हे कामगारांनी ठेवलेलं नाव. तो स्वतःला शीततज्ज्ञ म्हणवून घेई. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या यंत्रांसाठी इथे निकेलमिश्रित पत्र्याच्या डब्या बनत. बाहेरचं चुंबकत्व आतल्या भागांपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. पत्रा वाकवला की तो गुण जातो. भट्टीत अकराशे अंशांवर तापवून सावकाश निववला की परत येतो. मालकाची वहिनी अठरा वर्षं ते काम करत होती. त्या दिवशी तिची भट्टी भंगारात निघणार होती.

"भट्टी अणूंना छळते," महाराज गरजला. "थंडीत अणू ध्यानाला बसतात!"

"आणि उठवतं कोण त्यांना?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, पुरे आता," मालक वैतागला. "आधी सुई चुंबकाकडे ओढली जात होती. तीच डबी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली, तर सुई हलायला तयार नाही. डोळ्यांनी बघितलंत ना?"

"सुई बघितली, भाऊजी. आता टेबल बघा."

तपासणीच्या टेबलावर वस्तू ठेवली की तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारायची, ही इथली शिस्त. महाराजाने चुंबक ठेवला तेव्हा वहिनीच्या हाताने सवयीने रेघ मारली होती. मग पांढऱ्या वाफेचा लोट उठला, "मागे सरा, बोटं गळून पडतील!" अशी आरोळी झाली आणि सगळे मागे सरले. वाफ विरली. चुंबक आता रेघेबाहेर, चार बोटं लांब होता.

"अणू बसले ध्यानाला," ती म्हणाली, "आणि चुंबक निघाला फिरायला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"धक्का लागला असेल," महाराज पुटपुटला.

तिने चुंबक रेघेत सरकवला. सुई गर्रकन त्याच्याकडे वळली. मग तिने होकायंत्र भट्टीतून निघालेल्या डबीत ठेवलं. सुई जेमतेम थरथरली.

चमत्कार एवढाच, चार बोटांचा. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. चाळीस जणांच्या खिशात मोजपट्टी होती. एकानेही ती काढली नाही. टाळ्या वाजवण्याआधी मोजा, एवढंच सांगणं आहे.

भट्टी संध्याकाळी पुन्हा पेटली. पण महाराजाच्या शब्दावर, नुसत्या थंडीवर उरकलेल्या साठ डब्या आदल्याच आठवड्यात रवाना झाल्या होत्या. आज सकाळपर्यंत एकोणचाळीस परत आल्या आहेत. उरलेल्या एकवीस कुठल्या यंत्रांत बसल्या, ते अजून कळलेलं नाही.