उघडी ठेवलेली फिरकी

उघडी

नीबियाने स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत बसवलं आणि मनगट उलटं फिरवलं. पाव फेरा, बस. फिरकीने आतला चावा सोडला, तिचं डोकं केसभर वर आलं आणि डोक्यावरून पत्र्यापर्यंत ओढलेली पांढरी रेघ मधेच मोडली. रेघ सरळ म्हणजे फिरकी बंद. रेघ मोडली म्हणजे उघडी. दुरून, चालता चालता, नुसत्या नजरेने कळावं म्हणूनच ती रेघ असते, आणि नीबियाने ती कालच नव्या रंगाने ठळक केली होती.

विमानाच्या शेपटाजवळचा डावा पत्रा होता. अशा फिरक्या त्याच्या कडेने ओळीत बसवलेल्या. त्यातली एखादी सुटी राहिली तर विमान पडत नाही. तरीही तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं, की विल्मारला ही दिसली नाही तर इंजिन सुरू व्हायच्या आत पुढे जाऊन उभं राहायचं. पंख्यासमोर आडवं पडावं लागलं तरी चालेल.

फवारणीचं विमान रोज संध्याकाळी नागवं करावं लागतं. बाजूचे सगळे पत्रे काढायचे आणि आतल्या नळ्या धुवायच्या, नाहीतर औषध आणि खत त्या नळ्या खाऊन टाकतात. सकाळी पत्रे परत चढवायचे, फिरक्या बंद करायच्या. धुणं, पत्रे, फिरक्या हे नीबियाचं काम आणि उडणं विल्मारचं. लग्न झाल्यापासूनची वाटणी होती ती. त्या वाटणीवरून एकदाच भांडण झालं होतं, तेही लग्नाच्या पहिल्या वर्षी.

मग आता हे कशासाठी?

तर गेल्या रविवारी पत्त्यांच्या, त्रुकोच्या डावात विल्मारने सगळ्यात भारी तलवारीचा एक्का म्हणून पेल्याचा एक्का टेबलावर आपटला. सगळे हसले. त्रुको म्हणजे थापा मारायचाच खेळ, त्यांना वाटलं म्हातारा कसला नाटकी आहे. नीबिया हसली नाही. विल्मार थाप मारतो तेव्हा आधी घसा खाकरतो. त्या दिवशी त्याने घसा खाकरला नव्हता.

आणि भाताच्या शेतांतून पाण्याच्या पंपांकडे विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्या वरून, कधी खालून, विमान काढावं लागतं. नवऱ्याला तार दिसली नाही म्हणून विधवा झालेल्या दोघी नीबियाच्या ओळखीच्या होत्या. त्यांच्यातल्या एकीकडून ती अजून मध घ्यायची.

डॉक्टरला डोळे दाखव म्हटलं की विल्मारचं उत्तर तयार असे. हंगाम संपला की. ते त्याने मागच्या हंगामातही दिलं होतं. पायलटला तोंडावर सांगायचं, की तुझी नजर गेली, तर आधी आपली खात्री तर हवी.

बंद

बगलेत थर्मास आणि हातात माते, तो कडू पाल्याचा चहा, घेऊन विल्मार घरातून आला. रोजच्यासारखा विमानाभोवती फिरायला लागला. नीबिया पलीकडच्या अंगाला टाकीत औषध कालवत होती, तिथून शेपूट दिसत नव्हतं. काठी फिरवता फिरवता तिचे कान तिकडेच होते. धावपट्टीवर टिटव्या भांडत होत्या, दुसरं काही ऐकू येईना.

तो पुढच्या बाजूने उगवला. म्हणाला, भर गं आता.

नळी ओढायचं निमित्त करून ती शेपटाकडे गेली. रेघ सरळ होती.

दुपारी तिने तोर्ता फ्रीता, पावसात करायच्या जाड पुऱ्या, तळल्या. विल्मारने आधी ताटाकडे आणि मग खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे तोंड केलं आणि विचारलं, पाऊस कुठे आहे? पावसाशिवाय तळण काढणारी बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती. येईल पाऊस, ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात अजून एक वाढली. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. नजर शाबूत होती. त्रुकोच्या दिवशी दिवा मिणमिणता असेल, नाहीतर वाईन जास्त झाली असेल.

भांडी घासताना मात्र तिचा हात थांबला. तो बोलला का नाही?

मागच्या वर्षीचा गडी पत्र्याआड एक फडकं विसरला होता, तर विल्मारने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. तो गडी सीमा ओलांडून ब्राझिलात गेला आणि आता म्हशी राखतो. आणि बायकोने फिरकी उघडी टाकली, तर हा माणूस निमूटपणे बंद करतो आणि तोर्ता फ्रीता खातो?

पुन्हा उघडी, पुन्हा बंद

फ्रीता खातो?

दुसऱ्या दिवशी तिने उजव्या पत्र्यावरची उघडी ठेवली. बंद झाली. शब्द नाही. त्यानंतर पोटाखालची. तीही बंद झाली आणि पुन्हा शब्द नाही.

शब्द नव्हते, पण विल्मार गोड वागायला लागला. हे जास्त वाईट होतं. तलावावरून मोठा थोरला तारारीरा मासा आणला आणि स्वतः साफ केला. माशाने डोकं चालतं म्हणे. जेवण झाल्यावर तो गपचूप उठून शेगडीचं बटण चाचपून यायचा. तिची चप्पल दारात दिसली की उचलून तिच्या खाटेशी नेऊन ठेवायचा.

मग मेलोहून यानेतचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. आई, काल जेवायला काय केलं होतंस?

"तुला कशाला? तू होतीस का जेवायला?"

सहज विचारलं, यानेत म्हणाली. आणि परवा?

नीबियाने फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन पालथ्या बादलीवर बसली. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. तिची आई शेवटची काही वर्षं तिला शेजारीण समजायची आणि दारात आली की उसनी साखर परत मागायची. ते सगळं विल्मारने पाहिलं होतं. सासूला दर वेळी वाटीभर साखर आणून देणाराही तोच होता.

म्हणजे मी. म्हणजे माझं डोकं गेलं.

तिला हसू फुटलं. इतकं की पोट धरावं लागलं. मग राग आला आणि तिने बादलीला लाथ मारली. जी याच्या पत्र्यांची एक फिरकी आजवर विसरली नाही, तिला हा मासे खाऊ घालतो. उद्या सकाळी विमानापाशीच गाठायचं त्याला आणि सांगायचं, की मूर्खा, मी तुझी परीक्षा घेत होते आणि तू पास झालास.

अर्धवट

सकाळी तिने पुन्हा तीच पहिली, शेपटाजवळची डावी, उघडी केली. टाकीकडे न जाता शेडच्या दाराआड उभी राहिली. त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. चेहऱ्यावर हसू आधीच येऊन बसलं होतं.

विल्मार आला. माते आणि थर्मास जमिनीवर ठेवले. आणि डावा तळहात पत्र्यावर टेकवून तो चालायला लागला.

त्याचे डोळे पत्र्यावर नव्हतेच. ते वर, शेतांच्या दिशेने कुठेतरी लागलेले होते, रेडिओ ऐकणाऱ्या माणसाचे असतात तसे. हात मात्र पत्र्यावरून सरकत होता. फिरकी लागली की अंगठ्याचं नख खाचेत जायचं, खाच कोणत्या दिशेला आहे ते बघायचं आणि पुढे सरकायचं. पुढची. तिच्या पुढची. नीबियाच्या ठळक पांढऱ्या रेघा त्याच्या बोटांखालून चुकार पोरांसारख्या निघून जात होत्या.

उघड्या फिरकीवर अंगठा थांबला. विल्मारने खिशातून नाणं काढलं, चाचपून खाचेत बसवलं आणि पाव फेरा दिला. टक. मग तो लगेच पुढे गेला नाही. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा त्याने तळहात त्या पत्र्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला.

नीबियाच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं, तिला कळलं नाही.

तो शिरस्त्राण घेऊन वळला, तेव्हा ती बाहेर आली होती आणि पंखाच्या पुढे उभी होती. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी सकाळसाठी होतं.

"म्हाताऱ्या, आज नको जाऊस."

"का गं?"

"मी सगळ्या फिरक्या लावल्या की नाही, मला आठवत नाही."

विल्मार एक पाऊल पुढे आला. मग मवाळ आवाजात म्हणाला, मी फिरून आलोय, सगळ्या बंद आहेत. तू लावल्या होत्यास सगळ्या.

हे तो किती सहज बोलला. नीबियाने ओठ दाबून धरले.

"तू म्हणतोस म्हणून. मला आठवत नाही ते नाहीच."

"बरं. मग आजचा दिवस राहू दे. उद्या जाईन."

"उद्याही आठवणार नाही मला."

तो शिरस्त्राणाचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होता. गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. शेताकडून वारा ओल्या चिखलाचा वास घेऊन आला.

"परवा?"

"परवाही नाही. विल्मार, आता कधीच आठवणार नाही मला. माझ्या भरवशावर तू वर जायचं नाहीस."

त्याने तिच्याकडे मान वळवली. त्या दिशेला उन्हात एक पिवळं विमान होतं आणि त्याच्यासमोर एक ठेंगणी बाई. त्यातलं त्याला काय दिसलं कोण जाणे. मग त्याने शिरस्त्राण पंखावर ठेवलं, घसरून पडणार नाही याची हाताने खात्री केली आणि म्हणाला, "बायकोला असं एकटं टाकून कसं उडायचं माणसाने."

"तेच तर."

उरलेलं

आता उडणं बंद, हे सांगायला त्याने सगळ्यांना फोन केले. नीबिया दाराशी उभी राहून ऐकायची. काय करणार, वयच झालं, विसरते बिचारी. आईकडूनच आलंय. कधी कधी ती मागून सुचवायची, की चप्पल फ्रिजमध्ये ठेवते असंही सांग. तो हात हलवून तिला गप्प करायचा आणि फोनवर सांगायचा, की काही नाही, म्हातारी काहीतरी बडबडतेय.

यानेतला खरं काय ते आईने एकदा सांगितलं. यानेत आधी रडली आणि मग म्हणाली, मी बाबांना काही विचारणार नाही. नको विचारूस, नीबिया म्हणाली.

रविवारी आदेमार कोकराची तंगडी घेऊन आले. एवढी वर्षं त्यांच्या भातावर विल्मारच फवारायचा. आता काम रिओ ब्रांकोच्या एका पायलटकडे गेलं होतं, आणि हे तोंडाने सांगायला ते स्वतः गाडी काढून आले होते. टोपी छातीशी धरून ते नीबियासमोर वाकले आणि बहिऱ्याशी बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, "नीबियाबाई, मी आदेमार. आ-दे-मार. ओळखलंत का?"

यांच्या लग्नात ती पहाटेपर्यंत नाचली होती. यांच्या थोरल्या मुलाची ती धर्ममाता होती.

नीबियाने टेबलापलीकडे पाहिलं. विल्मार ताठ बसला होता. तोंड तिच्या दिशेला होतं, पण डोळे वीतभर डावीकडे, भिंतीवर. नुसता ऐकत होता. सगळं अंग कान झाल्यासारखा.

ती आदेमारच्या चेहऱ्याकडे कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट बघत राहिली.

"चेहरा ओळखीचा वाटतो," ती म्हणाली. "तुम्ही दूध घालता का आमच्याकडे?"

आदेमारचे डोळे भरून आले. ते खिडकीकडे वळले आणि यंदा भात बरं आलंय, असं काहीतरी बोलायला लागले.

टेबलाखाली एक बूट सरकत आला. आधी खुर्चीच्या पायाला अडला, थांबला, बाजूने वळून चाचपडत पुढे आला. मग त्याला तिचं पाऊल सापडलं, आणि तो तिथेच राहिला.