अंगदच्या शर्टावरची केशरबाई

मित्रांनो, अंबडच्या रस्त्यावर आमची वाडी लागते. तिथं फाट्यावर एक लोखंडी चौकट उभी आहे, तीच मी. जुनी आहे, गंजलेली आहे, एका पायानं जरा लंगडी आहे. वाडीत कुणी मेलं की पहिला निरोप पाहुण्यांना जातो आणि दुसरा मला. पाहुणे निदान जेवून तरी जातात.

माझा जन्म जालन्याचा. तिथल्या भट्टीत भंगार वितळवून मला केलं. माझ्या अंगात कुणाकुणाच्या सायकली आहेत, एक मोडकी पिठाची गिरणी आहे आणि बहुधा एखादी बादलीही असावी, कारण पावसाळ्यात मला उगाच भरल्यासारखं वाटतं. पहिली नोकरी कपाशीच्या बियाण्याच्या जाहिरातीची. माझ्यावर एकेक बोंड कोंबड्याएवढं छापलेलं होतं. लोक येताजाता मला हसायचे आणि तेच बियाणं घ्यायचे. ते माझे कौतुकाचे दिवस. पुढं कंपनीवाले मला तिथंच सोडून गेले आणि मी अंगदच्या हाती लागले.

अंगद हा आमच्या वाडीचा युवा नेता. नेता कुणाचा, ते अजून ठरायचं आहे. युवा मात्र तो गेली बरीच वर्षं आहे. त्याचा फोटो एकच: पांढराशुभ्र शर्ट, काळा चष्मा, कानाला फोन. वाढदिवस असो, सण असो, मयत असो, फोटो तोच. त्यामुळं वाडीत कुणीही मेलं तरी अंगद फोनवर असतो. पलीकडं कोण आहे, हे मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचं आहे.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स कसा असतो, तुम्ही पाहिलाच असेल. वर कोपऱ्यात एका गोलात मेलेला माणूस, साधारण भाकरीएवढा. मधोमध अंगद, साधारण दरवाजाएवढा. खाली शोकाकुल मंडळींच्या रांगा. त्यातले निम्मे खुशीत हसत असतात, कारण त्यांचे फोटो कुणाच्या तरी लग्नातले असतात.

मागच्या वर्षी पुंजाराम गेला. जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस, त्याचा एकट्याचा फोटोच नव्हता. एका फोटोत तो शेळीला कवेत घेऊन उभा होता. तो कापताना शेळीचं तोंड गेलं, कान राहिला. खाली छापलं, 'समाजभूषण'. ज्या माणसाला समाज दिवाळीला एकदा दिसायचा, तो समाजाचा दागिना निघाला. वाडीतलेच दोघं माझ्यासमोर उभे राहून बघत होते.

"पुंजादा व्हय ह्यो?"

"व्हय की."

"अन् खांद्यावर ह्यो कान कुणाचा?"

"आसंल घरातल्याच कुणाचा."

मग रामकिसन गेला. त्याच्या फ्लेक्सवर 'अजातशत्रू' लिहिलं होतं. या अजातशत्रूनं बांधावरून भांडून शेजारच्या कारभारीला अंबडच्या कोर्टात ओढलं होतं. तारखेला दोघं एकाच यष्टीनं जायचे, झाडाखाली एकाच फडक्यातली भाकरी खायचे, तोंड पुसून कोर्टात एकमेकांवर तुटून पडायचे आणि पुन्हा एकाच सीटवर बसून घरी यायचे. रामकिसन गेल्यावर कारभारीनं अंबडला जाणं सोडलं. म्हणाला, "आता तिकडं कुनासंगं भांडू?" यातलं एक अक्षर माझ्यावर छापलं गेलं नाही. छापली ती शोकाकुल मंडळी.

तेरावा झाला की फ्लेक्स उतरतो आणि लोकांच्या उपयोगी पडायला लागतो. रामकिसन सध्या कारभारीच्याच कडब्यावर आहे. पुंजाराम शेरडांच्या गोठ्यावर आहे. जन्मभर शेरडं-मेंढरं राखली, अजूनही राखतोय. पाऊस झाला की त्याच्या गालात पाणी साचतं.

मित्रांनो, खरं सांगू का? वाडीतली खरी श्रद्धांजली माझ्यावर कधी नव्हतीच. ती केशरबाईच्या गळ्यात होती.

केशरबाई म्हणजे राधेश्यामची आई. वाडीत मयत झाली की पहिला हेल तिचा. बायका रडताना मेलेल्याचं गुणगान करतात. केशरबाई गुणगान करायची, पण सगळंच करायची. रामकिसनच्या दारात तिनं असा सूर लावला होता: "रामकिसनदादा, कोर्टात भांडलास रं, यष्टीत भाकर वाटून खाल्लीस रं, माझा टिकाव नेलास रं दादा, आता कुणाला मागू रं!" तिरडी उठायच्या आधी तो टिकाव तिच्या भिंतीला आणून टेकवलेला होता. लोक मरणाला भीत नव्हते, केशरबाईच्या रडण्याला भीत होते. तिच्यामुळं वाडीतली किती घमेली, किती पाट्या आपापल्या घरी परतल्या!

तिच्या मागं गुडघे जवळ घेऊन मुकाट बसायची ती झुंबरबाई. दोघी एकाच सालात या वाडीत नांदायला आलेल्या, दोघींची मेंढरं एकाच रानात. झुंबरबाईला रडता यायचं नाही. डोळ्यांतून पाणी यायचं, गळ्यातून आवाज येत नसे. माझ्या सावलीत टेकल्या की केशरबाई तिला चिडवायची, "झुंबरे, तू मुकी ती मुकीच. माझ्या मयताला भाड्यानं बाई आन बरं का!"

"तूच रड तुझी," झुंबरबाई म्हणायची. "तुझ्याइतकं चांगलं कुनाला येतंय?"

या उन्हाळ्यात केशरबाई गेली. दारात बायका जमल्या आणि एकमेकींकडं बघत बसल्या. सुरुवात करणारीच आत निजलेली होती.

तिसऱ्या दिवशी अंगदनं माझ्यावर फ्लेक्स चढवला. झुंबरबाई मेंढरं थांबवून बघत उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तेवढ्यात केशरबाईची सून वर्षाराणी पाण्याचा हंडा घेऊन आली.

"वर्षे, वाच बरं. काय लिव्हलंय तिच्यावर?"

वर्षाराणीनं हंडा खाली ठेवला. "भावपूर्ण श्रद्धांजली. श्री. राधेश्याम यांच्या मातोश्री यांचे दुःखद निधन. शोकाकुल..."

"थांब. केशर कुठंय?"

वर्षाराणीनं वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. राधेश्याम होता. अंगद होता, फोनवर. अंगदचा मेव्हणा होता, तो तर वाडीचाही नव्हता. केशरबाई नव्हती; वरच्या गोलातही तिच्या फोटोऐवजी नुसती समई होती. अंगदनं फोनवर सांगितलं होतं, राधेश्यामची आई वारली; छापणाऱ्यानं तेच जरा नटवून छापलं होतं. घरच्यांनी आपापले फोटो नीट आलेत का, तेवढं बघून घेतलं होतं.

"न्हाई मावशी," वर्षाराणी म्हणाली. "आत्याबाईचं नाव न्हाईच." मग हळूच म्हणाली, "म्हंजी माझ्या बी येळेला आसंच का?"

दहाव्याला केशरबाईच्या माहेरचे लोक धावड्याहून येणार होते. ते याच फाट्यावर उतरणार, माझ्याकडं बघणार, आणि आपली बहीण इथं कधी नांदलीच नाही असं समजून आत शिरणार. एवढी वर्षं एका रानात काढलेल्या बाईचं नाव दहाव्याच्या आत बोर्डावर यायला पाहिजे, एवढंच झुंबरबाईला दिसत होतं. तिनं अंगदला गाठलं.

"मावशी, प्रिंट झालंय," अंगद म्हणाला. "आता काही होत न्हाई. फुडच्या टायमाला बराबर टाकू."

"फुडच्या टायमाला? केशर परत मरनार हाय का?"

अंगदनं फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

दहाव्याच्या दिवशी सकाळी झुंबरबाई माझ्यापुढं आली. एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात डबा. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग असतो, त्याचा. मागून वर्षाराणी आली, पदर खोचून खुर्चीवर चढली आणि जागा शोधायला लागली. पण फ्लेक्सवर रिकामी जागा राहते कुठं? वर मजकूर, खाली माणसं, मधल्या फटींतून फुलं आणि उडती कबुतरं.

"मावशी, कुठं लिहू?"

झुंबरबाईनं सगळीकडं नजर फिरवली. "त्यो पांढरा शर्ट दिसतुया का? त्याच्यावर."

आणि वर्षाराणीनं अंगदच्या छातीवर, या बाहीपासून त्या बाहीपर्यंत, लालभडक अक्षरात लिहिलं, 'केशरबाई'. मी आयुष्यात पुष्कळ छपाई अंगावर घेतली आहे. एवढं नेटकं काम पहिल्यांदाच पाहिलं.

धावड्याचे पाहुणे जीपमधून उतरत होते तेवढ्यात अंगद आला. त्याचं स्वतःच्या शर्टाकडं लक्ष गेलं. तो शर्ट त्याला आईपेक्षा प्रिय होता.

"कुनी केलं हे? ए मावशी! अक्कल हाय का? काढ ते आधी! न्हाई तर पूरा बोर्डच उतरवतो!" असं म्हणून त्यानं माझी एक सुतळी सोडलीसुद्धा.

झुंबरबाई माझ्या लंगड्या पायाला धरून खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला. आधी नुसतीच घरघर आली, जुनी मोटार सुरू होताना येते तशी. आणि मग तो गळा फुटला.

"केशरे गं, मला मुकी म्हनायचीस गं! तुझ्या नवऱ्याची घोंगडी गं केशरे, तुझ्या हातानं लोकर कातलेली गं, ह्या अंगदानं साहेबाच्या सत्काराला नेली गं! उद्या आनतो म्हनला गं! साहेब गाडीत घालून घेऊन गेला गं! तू मरूस्तोवर इचारत राह्यलीस गं!"

पाहुण्यांतला एक म्हातारा, केशरबाईचा भाऊ, जीपच्या दाराशीच थबकला. आधी त्यानं शर्टावरचं नाव वाचलं. मग शर्टातला अंगद पाहिला. मग बाहेरचा अंगद पाहिला.

"कोन्ती घोंगडी?" म्हातारा म्हणाला. "आमच्या दाजींची?"

झुंबरबाईनं दम घेतला. दुसऱ्या कडव्याची तयारी दिसत होती. अंगदनं ओळखलं. त्यानं सोडलेली सुतळी पुन्हा बांधली, चांगल्या दोन गाठी मारून. "राहू द्या, राहू द्या," तो म्हणाला. "नाव छान आलंय. घोंगडी बी आनून देतो. बिलकुल."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, अंगद शहाणा झाला. नेते शहाणे होत नसतात, ते भाषण करतात. जेवणाच्या पंगतीत तो उभा राहून म्हणाला, की आक्कांचं नाव मी माझ्या हृदयावर लिहवून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला टाळ्या! आता शेजारच्या गावांतले युवा नेतेही श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मेलेल्याचं नाव छातीवर छापून घेतात. वाईटात एवढं बरं, की नाव छापलं जातं.

घोंगडी परत आली. साहेबांकडं ती कुत्र्याखाली होती म्हणे; राधेश्यामनं धुऊन घेतली. तेरावा झाल्यावर फ्लेक्स उतरला तेव्हा त्याला तो कडब्यावर टाकायचा होता, पण झुंबरबाईनं हिसकून नेला. तिनं तो मेंढरांच्या वाड्यावर छत म्हणून बांधला, छापलेली बाजू आत करून. दुपारी ती खाली आडवी होते. अक्षरं कळत नाहीत, पण लाल कुठं आहे ते कळतं. त्या लालकडं बघून ती खुशाल भांडते. मधेच थांबते, उत्तर ऐकल्यासारखी, आणि म्हणते, "व्हय, व्हय, तुझंच खरं."

मी अजून फाट्यावरच आहे. माझा गंज कुणी खरवडला, पायाला चार दगड लावले, तर बरं होईल. न लावले तरी मी उभी राहीन, पण तुमच्यापैकी प्रत्येकाला एक दिवस माझ्यावर यायचं आहे आणि तुमच्यातलं कुणीच फारसं हलकं दिसत नाही. तोवर एवढं करा. ज्या बाईला तुम्ही रोज अमक्याची आई म्हणून हाक मारता, तिचं नाव आजच तिला विचारून घ्या. आणि कुणाचा टिकाव, कुणाची घोंगडी घरात असेल तर परत देऊन या. केशरबाई गेली म्हणून निश्चिंत राहू नका. झुंबरबाईला आता रडता येतं.