सांगणाऱ्याला शिक्षा नाही

चाकणच्या कंपनीत बुद्धरत्न सुपरवायझर होता, आणि घरी सुपरवायझरचा बाप. दहावीतल्या लेकीच्या, साक्षीच्या हातात मोबाइल दिसला, की झालाच याचा आवाज वर.

आता अशा माणसाच्या चऱ्होलीतल्या फ्लॅटवर सुखदाताई संमती मागायला आल्या. बाई कॉलेजात शिकवायच्या. गोड बोलून फोटो काढून घेणारे, मग धमक्या देऊन पोरापोरींना छळणारे नराधम ऑनलाइन कसे गाठतात, आणि मुलं घरी का सांगत नाहीत, हा त्यांचा अभ्यास. साक्षीशी त्यांना बोलायचं होतं.

"आमच्या घरी असलं काही नाही, मॅडम. निघालंच, तर आधी मोबाइल फोडीन आणि मग पोरीला सरळ करीन."

"म्हणूनच मुलं सांगत नाहीत," बाई म्हणाल्या. त्याच्या अंगावर अजून कंपनीचा शर्ट होता. "तुमच्याकडे प्रेस मशीनखाली कुणाचा हात जाता जाता वाचला, आणि त्यानं येऊन सांगितलं, तर काय करता?"

"शाबासकी देतो. ओरडलो तर पुढच्या वेळी कोण सांगेल? मग हातच जायचा एखाद्याचा."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. शहाण्याला शब्दाचा मार. त्यानं संमती दिली, आणि जेवताना साक्षीला म्हणाला, "काही झालं तर मला सांगायचं. ओरडणार नाही." पोरीनं नुसती मान हलवली. बापाच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तिचं तरी काय चुकलं?

पण महिन्याभरानं एका रविवारी ती समोर येऊन उभी राहिली. गेम खेळताना ओळख झालेल्या मुलाला तिनं आपला साधा फोटो पाठवला होता. त्या मेल्यानं तिचा चेहरा लावून घाणेरडी चित्रं बनवली. आता म्हणत होता, 'मी सांगतो तसले खरे फोटो पाठव, नाहीतर ही वर्गात वाटतो.'

बुद्धरत्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोबाइल आपटायला हात उचललाही होता. तो त्यानं कसाबसा खाली घेतला. "बरं केलंस सांगितलंस," तो म्हणाला. "चूक त्याची आहे. तुझी नाही."

त्यानं सुखदाताईंना फोन लावला. मोबाइलमधलं काही पुसून टाकू नका, त्याला उत्तर देऊ नका, असं बजावून त्या थेट सायबर पोलिसांकडे त्यांच्यासोबत आल्या. मुलगा म्हणवणारा चांगला दोन पोरांचा बाप निघाला. सापडला. एकही चित्र वर्गात पोचलं नाही.

पेढे घेऊन बापलेक सुखदाताईंकडे गेले. बुद्धरत्ननं हात जोडले. "ताई, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत."

"सांगायची हिंमत साक्षीनं केली," बाई म्हणाल्या. "आभार तिचे माना."

परतताना मागे बसलेली साक्षी त्याच्या कानाशी म्हणाली, "पप्पा, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही ओरडला असता ना, तर मी आत जाऊन त्याला पाहिजे ते पाठवून टाकणार होते."

बुद्धरत्ननं गाडी बाजूला घेतली. "सांगितलंस गं माझे बाई, लई मोठं काम केलंस," एवढंच त्याला बोलता आलं. मग हेल्मेट न काढताच तो रडला, आणि पोरगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.